लाल ठिपका म्हणजे रिजेक्ट नाही

मुलांच्या अतिदक्षता विभागाबाहेर स्टीलच्या खुर्च्या असतात, चार-चार एकत्र जोडलेल्या. एका टोकाचा माणूस उठला की दुसऱ्या टोकाचा हलतो. तुम्ही तशाच एखाद्या खुर्चीवर बसून हे वाचत असाल, तर आधी एक सांगून टाकते. आमची तनू आत्ता बाहेरच्या खोलीत तिच्या बाबांशी भांडते आहे. सायकलची घंटा कुणी मोडली, यावरून. मोडली तिनेच आहे. शेवट मी आधीच फोडला, कारण मी त्या खुर्चीवर होते तेव्हा ज्याचा शेवट माहीत नाही असं काहीही मला वाचवत नव्हतं.

मी डॉक्टर नाही. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांत बसवायच्या वायरींची जुडगी आमच्याकडे बनतात, आणि त्यातलं चांगलं-वाईट ठरवायचं काम माझं. हिरवी खूण म्हणजे ओके. लाल ठिपका म्हणजे रिजेक्ट. आणि ज्याचं काही नक्की सांगता येत नाही त्याला पिवळा टॅग, म्हणजे होल्ड. होल्डचा माल बाजूला ठेवायचा, पुन्हा तपासायचा आणि मग काय ते ठरवायचं. नऊ वर्षं हेच करते आहे. घरी भाजी आली तरी मी भेंडी न् भेंडी उलटीसुलटी करून बघते. "क्वालिटीवाली बायको करू नये राव," असं दत्ता त्याच्या मित्रांना सांगतो. दत्ता म्हणजे माझा नवरा. तिकडेच एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. आम्ही मूळचे लातूरकडचे. राहतो थेरगावला, डांगे चौकाच्या मागच्या बाजूला, शेवंताकाकूंच्या घरात भाड्याने.

तर अशा या नऊ वर्षांच्या अनुभवी बाईने स्वतःच्या मुलीच्या अंगावरचे लाल ठिपके बघितले, आणि पास केले.

डास

तनू सात वर्षांची, दुसरीत. शुक्रवारी तिला ताप आला, सोबत खोकला. पावसाळ्याचे दिवस, वर्गातली निम्मी मुलं तापलेली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचं औषध सुरू केलं. रविवारी अंग पुसताना तिच्या पोटऱ्यांवर बारीक लाल ठिपके दिसले. आमच्याकडे नदी जवळ, डासांना तोटा नाही. मी म्हटलं, डास चावले. मलम चोळलं आणि पंखा वाढवला.

सोमवारी सकाळी ताप उतरल्यासारखा वाटला, पण पोरीचे हातपाय गार होते आणि ती सारखी पेंगत होती. दात घासायला बसवली तर फेस लाल. चूळ भरली, पुन्हा लाल. पुन्हा भरली, पुन्हा लाल. हिरड्यांतून येणारं रक्त थांबेचना. फ्रॉक वर करून बघितलं तर ठिपके मांड्यांपर्यंत चढलेले.

तिला तशीच उचलून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला, रिकामा केला आणि त्याची बाजू तिच्या पोटरीवर दाबून काचेतून बघितलं. "ताई, डास चावल्याची लाली दाबली की जाते. ही जात नाहीये. हे कातडीखाली आलेलं रक्त आहे." त्यांनी मोठ्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहिली आणि वर म्हणाले, "रिक्षाची वाट बघू नका."

ते ग्लासाचं तुम्हीही लक्षात ठेवा. तापलेल्या मुलाच्या अंगावर ठिपके आले आणि दाबूनही ते मावळत नसतील, तर मलम बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्यांच्या पाया पडले असते.

शेवंताकाकू इथल्या जुन्या शेतकरी घरातल्या. शेती गेली, इमारती आल्या, पण काकू आहेत तशाच आहेत. त्यांच्या मुलाने गाडी काढली. काकू न विचारता पुढच्या सीटवर बसल्या. डांगे चौकात गर्दी तुंबली होती, तर काच खाली करून ओरडल्या, "आरं सरका की बाजूला, पोरगी आजारी हाय." आणि खरोखर दोन टेम्पो सरकले. एरवी त्या चौकात रुग्णवाहिकेलाही थांबावं लागतं.

माल संपला

मोठ्या हॉस्पिटलात तनूला सरळ अतिदक्षता विभागात नेलं. ऑक्सिजन, सलाईन, भराभर रक्ताच्या तपासण्या. तासाभराने डॉक्टर मॅडमनी आम्हाला आत बोलावलं. बाई वयाने माझ्याएवढ्याच असतील. पायात रबरी चपला, केसांत पेन खोचलेलं.

त्या म्हणाल्या की छातीतल्या न्युमोनियाचे जंतू रक्तात पसरले आहेत. त्यामुळे शरीर बिथरलं आहे आणि बारीक बारीक रक्तवाहिन्यांत जागोजागी रक्त गोठायला लागलं आहे. त्यात रक्त गोठवणारा सगळा माल खर्च होतो आहे. मग जिथे खरंच गोठायला हवं, हिरडीला, सुई टोचली तिथे, तिथे काही उरतच नाही.

मला ते लगेच कळलं. लाइनीवर एखादा नवखा पोरगा नको तिथे स्क्रू लावत सुटतो आणि हवे तिथे लावायला डब्यात एकही उरत नाही, तसं. दत्ताने विचारलं, "म्हणजे आतनं गोठायलंय आन् बाहेरनं वाहायलंय? दोन्ही एकदाच?"

"बरोबर समजलात," मॅडम म्हणाल्या. "म्हणून नुसता माल भरून भागत नाही. आधी तो खर्च करणारा थांबवायचा. म्हणजे जंतू मारायचे. अँटिबायोटिक सुरू केलंय. पुढचे दोन-तीन दिवस महत्त्वाचे."

"वाचेल ना?" हे मी विचारलं.

"आजार गंभीर आहे. वेळेत आणलंत. मी आशेवर आहे," त्या म्हणाल्या. खोटा धीर दिला नाही याचा तेव्हा मला राग आला. नंतर त्यांच्या प्रत्येक शब्दावर विश्वास बसला तो याच वाक्यामुळे.

बाहेर येऊन खुर्चीवर बसलो तसा दत्ता म्हणाला, "तुला रविवारीच दिसले होते ना ठिपके? तू तर क्वालिटीला..." आणि थांबला. पुढचं त्याने गिळलं, पण मी ऐकलंच. मला ते इतकं लागलं की दुसऱ्या दिवसापर्यंत मी त्याच्याशी फक्त 'इथे सही करा' आणि 'बाटली भरून आणा' एवढंच बोलले. घरात आजारपण आलं की माणसं जवळ येतात असं म्हणतात. येतात, पण आधी एकमेकांना थोडी ओरबाडतात. हे आधी माहीत असलं तर कमी लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्यासमोर पोह्यांची पुडी धरून उभा राहिला. "रविवारी मी पण घरीच होतो. मला तर ठिपकेबी दिसले न्हवते," म्हणाला. मी पोहे खाल्ले. आमच्यात एवढ्यावर मिटतं.

जयश्री सिस्टरांचा अंगठा

आईला आत थोडा थोडा वेळ बसू देत. त्यामुळे मी जयश्री सिस्टरांना काम करताना बघितलं. अमरावतीकडच्या, ठेंगण्या, सतत काहीतरी गुणगुणणाऱ्या. तनूचं रक्त तपासायला घेतलं की टोचलेल्या जागेवरून ते वाहत राही. पहिल्या दिवशी कापसाचे बोळे बदलून मी रडकुंडीला आले. दर दहा सेकंदांनी बोळा उचलून बघायचं, थांबलं का? नाही. पुन्हा बघायचं.

सिस्टरांनी माझा हात हलकेच बाजूला केला. "आई, तुम्ही बघून बघूनच ते उघडताय. थोडं धरतं तोवर तुम्ही सोडता. दाबून धरायचं, चोळायचं नाही आणि उघडून बघायचं नाही." मग त्यांनी बोळ्यावर अंगठा ठेवला आणि तनूला म्हणाल्या, "पाढे येतात का गं?"

तनूने डोळे अर्धवट उघडले. "पाचपर्यंत."

"मग दहापर्यंत मी शिकवते. दोनपासून दहापर्यंत सगळे पाढे होईपर्यंत माझा अंगठा हलणार नाही. तू चुकलीस तर तो पाढा पहिल्यापासून."

तनूला ताकद नव्हती. पहिल्या दिवशी पाढे सिस्टरच म्हणाल्या, ती नुसते ओठ हलवत होती. दहा दाहे शंभर झाल्यावर अंगठा उचलला. रक्त पाझरतच होतं. सिस्टरांनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. "चला, बे एके बे," म्हणत पुन्हा अंगठा ठेवला.

नऊ वर्षं माझं काम हेच की सारखं बघायचं. इथे कुणीतरी मला सांगत होतं की बघू नको. माझ्यासारखीला याहून अवघड औषध नाही.

दुसऱ्या दिवशी तनू थोडी जागी होती. स्वतःचा हात उचलून बघत बसली. मनगटापासून कोपरापर्यंत लाल ठिपके. ती माझ्याबरोबर घरी 'क्वालिटी क्वालिटी' खेळते. पोळ्या तपासते आणि करपलेल्या पोळीला लाल स्केचपेनने ठिपका द्यायला धावते. तिने मला विचारलं, "आई, मी रिजेक्ट झाले का?"

मी आजवर कंपनीत कुणासमोर रडले नाही. तिथे मात्र मी तोंड फिरवलं आणि पदरात रडले. मग सिस्टरांकडे पिवळा स्केचपेन मिळाला, तापाच्या तक्त्यावर खुणा करायला ठेवतात तो. तनूच्या हाताच्या पट्टीवर मी पिवळी चौकट काढली.

"रिजेक्ट कुठली? तू होल्डवर आहेस."

"होल्डवरून ओके कधी होतं?"

"परत तपासल्यावर."

"कोण तपासणार?"

"मीच. दुसरं कोण?"

तिला हे पटलं. पोरीला माझ्या कामाचा भलताच अभिमान आहे.

अकरा जणांचा उपास

त्याच दिवशी हॉस्पिटलने रक्तदाते आणायला सांगितले. तनूच्या मानेजवळच्या शिरेत नळी घालायची होती, हिरड्याही थांबत नव्हत्या. म्हणून तिला प्लाझ्मा आणि प्लेटलेटच्या पिशव्या द्यायच्या होत्या. पिशव्या रक्तपेढीतून लगेच मिळाल्या, पण त्यांच्या बदल्यात आपल्या माणसांनी रक्त द्यायची पद्धत आहे. मी आमचे लाइन लीडर माने भाऊ यांना फोन केला.

"ताई, तुम्ही फक्त टाइम सांगा," ते म्हणाले. "उद्या सेकंड शिफ्टच्या आधी आख्खी लाइन आणतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला अकरा जण आले. कंपनीचे शर्ट घालून, इन करून, जणू ऑडिट आहे. मी रक्तपेढीच्या दारात उभी राहून त्यांना बघत होते आणि मला खूप बरं वाटलं. तिथल्या ताईंनी रजिस्टर उघडलं. माने भाऊ पहिले.

"सकाळी काय खाल्लंत?"

"काही नाही मॅडम," माने भाऊ छाती फुगवून म्हणाले. "पाणीसुद्धा नाही."

"तुम्ही?"

"मी पण नाही."

"तुम्ही?"

"आमच्यातल्या कुणीच नाही. आज संकष्टी. एरवी लाइनीत दोघं-तिघंच धरतात. ह्या वेळी तनूसाठी सगळ्यांनी धरलीय. निर्जळी."

ताईंनी रजिस्टर मिटलं. "उपाशी माणसाचं रक्त घेत नाही. चक्कर येऊन पडाल. एकाचंही नाही घेणार."

अकरा जणांचे चेहरे असे उतरले की त्यांच्याकडे बघवेना. माने भाऊ म्हणजे कॅन्टीनचा वडा कधी न चुकवणारा माणूस. त्यांनी काल रात्रीपासून पोटात काही घातलं नव्हतं, आणि तेच नडलं. "खाऊन या," ताई म्हणाल्या. "पोटभर खा, पाणी प्या, थोडं थांबा आणि मग या."

"पण मॅडम, पोरीच्या नावाने धरलाय. मोडला आणि काही झालं तर?"

मी देवभोळी नाही, पण त्या घडीला मीही म्हणाले नाही की मोडा. अकरा जण नुसते उभे होते. आत माझी मुलगी पाढे म्हणत होती.

तेवढ्यात शेवंताकाकू आल्या. हातात माझ्यासाठी आणलेला चार कप्प्यांचा डबा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डबा बाकड्यावर ठेवला.

"उपास कुनाच्या नावानं धरलाय?"

"तनूच्या."

"मंग त्यो मला द्या. समद्यांचा म्या धरते. आजपास्नं आठ संकष्ट्या धरते. तुमी खा."

"काकू, असा दुसऱ्याला देता येतो का उपास?"

"का न्हाई? देव काय मस्टर घिऊन बसलाय व्हय, कोन हजर आन् कोन गैरहजर बघाया? त्याला पोरगी बरी करायची हाय. तुमाला रगत द्यायचं हाय. मला उपाशी ऱ्हायचं हाय. ज्यानं त्यानं आपलं काम करावं."

शिफ्टची कामं वाटून देतात तसं त्यांनी ते वाटून दिलं. आणि कामाची वाटणी म्हटल्यावर आमची लाइन वाद घालत नाही. काकूंच्या डब्यातलं पिठलं-भाकरी माने भाऊंनी खाल्लं, बाकीचे खाली वडापावच्या गाडीवर गेले. अर्ध्या-पाऊण तासाने रक्तपेढीच्या दारात मिरचीच्या वासाची रांग लागली. एक जण कंबरदुखीची गोळी घेतल्यामुळे परत गेला. एकाने नुकतंच दंडावर बायकोचं नाव गोंदवून घेतलं होतं म्हणून त्यालाही नको म्हणाले. त्याने तिथूनच बायकोला फोन करून भांडण काढलं. एकाचं रक्त कमी भरलं. आठ जणांचं घेतलं.

काकूंना त्या दिवशी ढगांत चंद्र काही दिसला नाही. "कॅलेंडरात उगवला म्हंजी उगवला," असं म्हणून त्यांनी उपास सोडला, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

माझा तक्ता

आता माझ्या चुकीबद्दल. तनूच्या दप्तरात चौकटींची वही होती. तिच्यात मी तक्ता आखला. प्लेटलेट, रक्त गोठायला लागणारा वेळ, आणखी दोन आकडे, प्रत्येकाची वरची रेघ, खालची रेघ. कंपनीत मशीनचा आखतो तसा. आकडा रेघेबाहेर गेला की मी मॅडमसमोर वही धरायची. "हा रेघेखाली आहे. पिशवी कधी लावणार?"

चौथ्या दिवशी प्लेटलेट आणखी खाली गेल्या. मी वही घेऊन दारातच उभी. आठ माणसांनी रक्त दिलंय, पेढीत पिशव्या आहेत, मग देत का नाहीत? मी हे जरा मोठ्यानेच बोलले.

मॅडमनी मला आत नेलं, तनूच्या खाटेपाशी. "हिरड्या बघा. रक्त येतंय? नाही. लघवी बघा. स्वच्छ. नवीन ठिपके किती?" मी मोजले. नवे नव्हते. "ताई, रिपोर्ट मुलीच्या मागून चालतो. मी रिपोर्टला पिशवी लावत नाही, मुलीला लावते. तिला आज गरज दिसत नाही. दिसली तर तुमच्या आधी मी पळेन."

"पण आकडा..."

"आकडा मी पण बघतेय. तुमच्यापेक्षा जास्त वेळा."

मी वही मिटली. खरं सांगते, पटलं म्हणून नाही मिटली. हरले म्हणून मिटली. तो दिवस सगळ्यात लांबलचक होता. मी आणि दत्ता खुर्चीवर बसून होतो. तो उठला की मी हलत होते आणि मी उठले की तो.

दुपारी जयश्री सिस्टरांनी रक्त काढलं आणि अंगठा ठेवला. तनू आता पाढे स्वतः म्हणत होती, हळू आवाजात. सहाचा संपला आणि सातचा सुरू झाला. सात आठे छप्पन्नला ती अडखळली. सिस्टर म्हणाल्या, "चुकलीस. पण आज मी आधीच उचलून बघणार आहे, माझा हात सांगतोय." त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि बोळा उचलला.

कोरडं होतं. सुईच्या टोकाएवढा काळपट ठिपका, आणि भोवती कोरडी कातडी. मी वाकून बघितलं, मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं. सिस्टरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

रिपोर्टमधले आकडे दोन दिवसांनी सुधारायला लागले. मॅडम म्हणाल्या तसे, मुलीच्या मागून. ती वही मी नंतर त्यांना देऊन टाकली. नव्या डॉक्टर मुलांना दाखवायला ठेवते म्हणाल्या, पालक किती त्रास देऊ शकतात ते.

होल्ड

दोन आठवड्यांनी घरी आलो. आनंदाने सांगायचं तर आम्ही घरी आलो, आणि खरं सांगायचं तर मी तनूला घरात डांबलं. मऊ ब्रश, वेळच्या वेळी नखं कापणं, तापाला डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळीशिवाय दुसरी नाही, हे सगळं सांगितलेलंच होतं. पण त्यावर मी माझं चढवलं. कंपनीतून पॅकिंगचा फोम मागून आणला आणि टेबलाच्या कोपऱ्यांना, खाटेच्या पायांना, दाराच्या चौकटीलाही गुंडाळला.

काकू भाड्याचं काही बोलायला आल्या होत्या. घर बघून ते विसरल्याच. "अगं, पोरगी हाय का काचंचं भांडं?"

तीन आठवड्यांनी तपासणी झाली. सगळे आकडे दोन रेघांच्या मधोमध. मॅडम हसून म्हणाल्या, "पूर्ण बरी आहे. शाळा, खेळ, सगळं करू द्या." तनूने रिक्षात विचारलं, "आई, मग मी ओके?"

"बघू," मी म्हटलं.

असं बघू बघू करत महिना गेला. शाळेत बाईंना सांगून खेळाचा तास बंद केला. सायकल माळ्यावर टाकली. रोज तिचे हातपाय उलटसुलट करून बघायचे. दत्ता एक दिवस वैतागला. "डॉक्टरनं ओके दिलंय. तू कुठवर धरून ठेवायलीस?"

"फायनल इन्स्पेक्शन माझं आहे."

"आगं, होल्डवर ठेवलेला माल शेवटी तपासावा लागतोय का न्हाई? तू तर तपासायलाबी भिऊलालीस."

माझ्याच कामातलं वाक्य मला कुणी सुनावलेलं मला आवडत नाही. मी दोन दिवस घुश्शात होते. तो बरोबर बोलला होता, म्हणूनच जास्त.

गुडघा

त्या रविवारी मी कपडे वाळत घालत होते आणि खालून धडाम् आवाज आला. बाप-लेकीने मिळून माळ्यावरून सायकल काढली होती. मी जिना कसा उतरले आठवत नाही. गल्लीत सायकल आडवी, तनू जमिनीवर बसलेली, गुडघा सोललेला आणि त्यातून लाल धार पायावरून मोज्यापर्यंत आलेली. दत्ताचा चेहरा पांढराफटक. काकू ओट्यावरून उठून उभ्या राहिल्या.

मी ओढणीचा स्वच्छ कोपरा गुडघ्यावर दाबला आणि लगेच उचलणार होते.

"आई, उघडू नको," तनू म्हणाली. ती रडत होती, पण आवाज पक्का होता. "सिस्टर काय म्हणाल्या होत्या? बे एके बे. बे दुणे चार."

मी अंगठा दाबून धरला. गल्लीत माणसं जमली. तनू हुंदके देत देत पाढे म्हणत होती. तीनचा झाला, चारचा झाला. ओढणीवर लाल डाग पसरला. उचलून बघावंसं इतकं वाटत होतं की मी दुसऱ्या हाताने माझंच मनगट धरून ठेवलं. पाचचा झाला. डाग तेवढाच होता. सहाचा पाढा दत्ताही तिच्यासोबत म्हणायला लागला. सातला काकूही लागल्या, पण त्यांना सातचा येत नव्हता. सात आठे छप्पन्नला सगळे थबकले. तनू एकटीच अडखळली नाही.

दहा दाहे शंभर.

मी ओढणी उचलली. एक थेंबही वाहिला नाही. सोललेल्या जागेवर गडद, ओलसर, चकाकणारा थर धरला होता. कुणी पिशवी लावली नव्हती, कुणी सुई टोचली नव्हती. माझ्या मुलीच्या रक्ताने आपलं काम आपण केलं होतं, गल्लीत बसून, पाढे म्हणता म्हणता. मी तिला छातीशी धरलं आणि मोठ्याने रडले. या वेळी तोंडसुद्धा फिरवलं नाही.

"आगं, पोरगी पडली आन् ही हसायलीय का रडायलीय?" दत्ता काकूंना विचारत होता. त्याचे स्वतःचे डोळे वाहत होते.

जखम धुऊन झाल्यावर तनूने पाय माझ्या मांडीवर ठेवला आणि नुसती बघत राहिली. मी उठले, कामाच्या पिशवीतला हिरवा मार्कर काढला आणि गुडघ्याच्या बाजूला, चांगल्या कातडीवर, खूण केली. तिने ती खूण सोमवारी वर्गात सगळ्यांना दाखवली.

आता तिथे जाड, तपकिरी खपली धरली आहे. तनूचा हात सारखा तिकडे जातो, आणि मी दिवसातून दहा वेळा ओरडते की खरवडू नको. सायकल जिन्याखाली असते, माळ्यावर नाही.